‘थे वापस येतच नाई’ : घरच्या तक्रारीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

पेट पास होऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींची एक अडचण सारखी कानावर येते. गाइड म्हणतात, “तुमचं समस्या विधान ढोबळ आहे.” आणि ढोबळ म्हणजे नक्की काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मग आपण त्याच वाक्यात आणखी चार जड शब्द घालतो आणि ते आणखी ढोबळ होतं.

यावर व्याख्या देण्यापेक्षा एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवतो. उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही. फरशी झाडणारं ते गोल चपटं मशीन तुम्ही पाहिलं असेल, रोबो व्हॅक्यूम. काम झालं की स्वतःच आपल्या चार्जिंगच्या डॉकवर जाऊन बसायचं, अशी त्याची ख्याती. भावानं पुण्याहून तसं एक आमच्या घरी, संग्रामपूर तालुक्यात, पाठवलं. कारण साधं होतं. आईचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी खाली वाकायला आणि बसायला मनाई केली आहे. पण मशीन डॉकवर परतलं नाही तर ते दिवाणाखाली किंवा कपाटामागे बॅटरी संपून पडतं, आणि ते ओढून काढायला वाकावंच लागतं. म्हणजे ज्यासाठी आणलं त्याच्या नेमकं उलटं. आईची फोनवरची तक्रार एका वाक्याची होती : “थे वापस येतच नाई.”

हे वाक्य खरं आहे, महत्त्वाचं आहे, आणि संशोधनाच्या दृष्टीनं ढोबळ आहे. ढोबळ यासाठी की ते खोटं ठरण्याची सोय त्यात नाही. ‘येतच नाही’ म्हणजे रोज नाही का? कुठपर्यंत येतं? डॉक दिसत नाही म्हणून येत नाही, की दिसूनही बसता येत नाही? तुमच्या सिनॉप्सिसमधलं ‘ग्रामीण विद्यार्थी गणितात मागे पडतात’ हे वाक्य याच जातीचं आहे.

पुढे जायचं तर आधी ‘परत येणं’ ही क्रिया आतून कशी होते ते माहीत हवं. साहित्याचा आढावा घ्यायचा तो यासाठीच. दोनशे संदर्भ जमवून ठेवणं हा त्याचा हेतू नाही. क्रिया कुठल्या सांध्यांवर तुटू शकते, ते सांधे आढाव्यातून सापडायला हवेत.

बॅटरी उतरली की आपणहून घरी जाणारं यंत्र ही कल्पना तशी जुनी. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम ग्रे वॉल्टर यानं १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नावाची दोन ‘कासवं’ बनवली होती. त्यांच्या खुराड्यात दिवा असायचा. बॅटरी भरलेली असताना कासवाला प्रखर उजेड नकोसा, आणि उतरली की तोच उजेड हवासा. नकाशा नाही, स्मरणशक्ती नाही, तरी घरी जातं. (मेंदूचा अभ्यास करणारा माणूस हे करत होता, हे लक्षात ठेवा. विषयांतराला घाबरू नका.)

आजची मशीन्सही शेवटच्या टप्प्यात हेच करतात, फक्त उजेड आपल्या डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसा. डॉकमधून सहसा दोन किरणपट्टे निघतात, एक थोडा डावीकडे, एक उजवीकडे. दोघांचा संकेत वेगळा. जिथे दोन्ही एकत्र वाचता येतात तीच मधली वाट. आयरोबोट कंपनीनं रूम्बा ६०० मालिकेसाठी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात हे आकड्यांत दिलं आहे. मूळ आकडा १६०. लाल पट्टा दिसला तर त्यात ८ मिळवायचे, हिरवा दिसला तर ४, आणि डॉकच्या अगदी जवळच्या क्षेत्रात असाल तर १. म्हणजे रोबोनं १६४ वाचलं तर तो फक्त हिरव्यात आहे, १७२ म्हणजे बरोबर मध्ये, १७३ म्हणजे मध्ये आणि जवळही. ‘लाल’, ‘हिरवा’ ही नुसती नावं, प्रत्यक्षात दोन्ही अदृश्यच. बंदरात जहाजांना वाट दाखवणाऱ्या लाल-हिरव्या तरंगत्या खुणांवरून ती घेतली आहेत.

पण हे किरण काही मीटरपर्यंतच पोचतात, आणि मध्ये भिंत आली की संपले. मागच्या खोलीतल्या मशीनला डॉक दिसणारच नाही. तिथून पुढच्या खोलीपर्यंत ते स्वतःच्या हिशेबावर येतं : चाकं किती फिरली, किती वळलो, महागड्या मशीनमध्ये वर फिरणाऱ्या लायडारनं काढलेला नकाशा. आणि सगळ्यात शेवटी, डॉकवर चढल्यावर, दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकून वीज वाहिली पाहिजे.

म्हणजे तीन सांधे झाले. डॉकच्या आसपास पोचणं, किरण धरून सरळ येणं, आणि टेकून चार्ज होणं. आईच्या एका वाक्यात हे तिन्ही कोंबलेले आहेत.

आता इंटरनेटवर या तक्रारीला जे उत्तर मिळतं ते बघा. पट्ट्या पुसा, सेन्सर पुसा, चाकातले केस काढा, डॉकच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर सव्वा-दीड मीटर जागा मोकळी ठेवा, नकाशा पुसून मशीन रीसेट करा. एकेक सल्ला चांगलाच आहे. पण हे सगळं एका दुपारी करून टाकलं आणि मशीन परत यायला लागलं, तर तुम्हाला काय कळलं? काहीच नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा अडलं की पुन्हा सगळंच करायचं. घरात हे चालतं, प्रबंधात चालत नाही. रीसेट तर मी सगळ्यात शेवटी ठेवीन, कारण त्यात पुरावाच पुसला जातो.

म्हणून आधी वही. आईला एवढंच सांगितलं : मशीन दुपारी दोनला सुरू कर, आणि परत आलं नाही तर ते कुठे पडलंय आणि तोंड कुठल्या बाजूला आहे ते लिही. कशाचा संशय आहे ते तिला मुद्दाम सांगितलं नाही. निरीक्षकाला अपेक्षित उत्तर माहीत असलं की नोंदी त्या बाजूला झुकतात, प्रामाणिक माणसाच्यासुद्धा.

वहीतून पहिली गोष्ट निघाली ती ही की ‘येतच नाही’ हे खरं नव्हतं. बऱ्याचदा ते व्यवस्थित येत होतं. न आलेल्या दिवसांत मात्र दोन प्रकार दिसले. काही दिवशी ते पुढच्याच खोलीत, डॉकपासून तीन-चार फुटांवर सापडलं. आणि काही दिवशी मागच्या खोलीच्या दाराजवळ, भिंतीला खेटून.

वेगळ्या जागा दिसल्या की वेगळ्या कारणांचा संशय घ्यायचा. पण संशय घेतला की लगेच लिहायचं : हे कारण खरं असेल तर आणखी काय दिसलं पाहिजे, आणि काय दिसता कामा नये? हे दुसरं वाक्य ज्याला लिहिता येत नाही त्यानं अजून हायपोथेसिस मांडलेली नाही, नुसतं मत मांडलंय.

डॉकजवळ पडण्याचा प्रकार आधी घेऊ. पहिला संशय : ऊन. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं, ते थेट पडलं तर रिसीव्हर त्यात बुडून जातो आणि डॉकचा संकेत हरवतो. आमचं दार दक्षिणेला. संग्रामपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळपास ४५ अंशांवर असतो, आणि सात फुटी दारातून ऊन जवळपास सात फूट आत येतं. डॉक त्या पट्ट्यात होता. पण मेच्या अखेरीस तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दारातून ऊन आत येतच नाही. आमची वही उन्हाळ्याच्या शेवटाची आणि पावसाळ्याच्या तोंडची. म्हणजे या नोंदींपुरतं ऊन बाद. हे कारण चूक आहे असं मात्र नाही, फक्त या दिवसांत ते लागू नाही. ऋतू हाही एक चल असतो. शेतीवर काम करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, संगणकवाल्यांना लागतं.

दुसरा संशय : पट्ट्यांवरचा थर. आपला भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्यानं फरशी पुसली की वाळल्यावर पांढरट डाग राहतात. तोच थर पट्ट्यांवर बसला तर वीज नीट वाहणार नाही. पण मग काय दिसायला हवं? मशीन डॉकवर चढेल, चार्ज लागत नाही म्हणून मागे हटेल, पुन्हा चढेल. नोंदीत मशीन डॉकवर किंवा अगदी त्याच्या तोंडाशी, सरळ उभं सापडायला हवं. ते तीन-चार फुटांवर, तिरपं, कधी डॉककडे पाठ करून सापडत होतं. हेही कारण मागे पडलं, पट्टीला हात न लावता.

तिसरी शक्यता : डॉकमधून किरण निघतच नसेल. हे तपासायला फोनचा सेल्फी कॅमेरा पुरतो. बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याला थोडं इन्फ्रारेड दिसतं. मशीन डॉकवरून बाजूला करून अंधारात कॅमेरा धरला की किरण निघतो त्या जागी फिकट जांभळा ठिपका दिसायला हवा. पण थांबा. ठिपका दिसला नाही तर दोष डॉकचा की कॅमेऱ्याचा? म्हणून आधी टीव्हीचा चालू रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं. तो चमकला तरच कॅमेऱ्याच्या ‘नाही’ला अर्थ. याला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतात, आणि ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहिणाऱ्या कितीतरी लघुप्रबंधांत नेमका तोच नसतो.

रिमोट चमकला, डॉकही चमकला. डॉक ठणठणीत होता.

मग वहीतली एक गोष्ट कामाला आली, जी मी मागितलीच नव्हती. आईनं काही दिवसांपुढे ‘लाइन गेली, मालिका राहिली’ असं लिहून ठेवलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी वारा सुटला की आमच्याकडे लाइन जाते, त्यात नवल काही नाही. पण डॉकजवळ पडलेल्या दिवसांच्या आणि मालिका राहिलेल्या दिवसांच्या तारखा जवळजवळ जुळत होत्या. आणि क्रिया समजली असेल तर कारण लगेच दिसतं : मशीन बॅटरीवर चालतं, डॉक मात्र भिंतीतल्या विजेवर. लाइन गेली की मशीनला काहीच कळत नाही, पण डॉकचा ‘दिवा’ विझतो. मशीन योग्य जागी येतं, शोधतं, गोल फिरतं, आणि बॅटरी संपून पडतं. माणूस बघायला जातो तोवर लाइन आलेली असते, डॉकवरचा दिवा चालू असतो, आणि सगळं ठीक दिसतं. कारण येऊन, काम करून निघूनही गेलेलं असतं.

तारखा जुळल्या म्हणजे सिद्ध झालं का? नाही. लाइन जाते त्या दिवशी वाराही असतो, दारं आपटतात, पायपुसणं सरकतं, आभाळ भरलेलं असतं. यातलं काहीही कारण असू शकतं. तारखा जुळणं ही फक्त बघितलेली गोष्ट झाली, आता करून बघायचं. लाइन असताना, वारा नसताना, मशीन डॉकसमोर सहा फुटांवर ठेवायचं आणि नाणं उडवायचं. छापा आला तर डॉकचं बटण चालू, काटा आला तर बंद. मशीन परत आलं की नाही हे लिहिणारा माणूस वेगळा, आणि डॉकवरच्या छोट्या दिव्यावर चिकटपट्टी, म्हणजे त्याला कळू नये. (किरण निघतात ती काळी काच झाकू नका, नाहीतर प्रयोगच बदलेल.) नाणं कशाला, आलटूनपालटून केलं तर? मशीनची बॅटरी प्रत्येक फेरीला थोडी उतरत असते. ठरावीक क्रम ठेवला तर त्या उतरण्याचा परिणाम एका बाजूला जास्त जमा होऊ शकतो.

डॉक बंद, तर मशीन भटकतं. डॉक चालू, तर येतं. डॉकची पिन घरातल्या इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावली.

आणि तरीही तक्रार संपली नाही. चार दिवसांनी पुन्हा फोन : थे वापस आलंच नाई.

इथे नवा संशोधक हमखास घसरतो. ‘म्हणजे विजेचं कारण चुकीचं होतं’ असं म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. पण वही बघा. डॉकजवळ पडणं बंद झालं होतं. आता राहिलं होतं ते मागच्या खोलीच्या दाराजवळ पडणं. एका तक्रारीखाली दोन कारणं राहत असतील तर एक काढल्यावर तक्रार राहणारच. म्हणून परिणाम मोजताना ‘तक्रार गेली का’ असं मोजायचं नाही. ‘या कारणानं जे व्हायला हवं होतं ते थांबलं का’ असं मोजायचं.

दारापाशीच्या प्रकाराकडे वळू. इथे मशीन किरणांच्या टप्प्यात पोचतच नाही, म्हणजे हिशेब चुकतोय. आमचं मशीन स्वस्तातलं, वर लायडार नसलेलं, त्यामुळे भिस्त चाकांच्या मोजणीवर. चाकाखाली पाहिलं तर एका बाजूच्या आसाला केस आणि कापसाचे तंतू घट्ट गुंडाळलेले. मागच्या खोलीत आमच्याकडे वेचणीनंतर कापूस भरून ठेवतात, त्यामुळे तंतू वर्षभर निघत राहतात. चाक जड फिरलं की गुळगुळीत टाइल्सवर जरा घसरतं, पण मोजणी होते फिरण्याची, सरकण्याची नाही.

एवढ्यानं कितीसा फरक पडणार? गणित करून बघा. दोन चाकांमधलं अंतर साधारण साडेतेवीस सेंटीमीटर धरा. चार मीटरच्या सरळ वाटेत एक चाक दुसऱ्यापेक्षा फक्त एक टक्का कमी गेलं, म्हणजे चार सेंटीमीटर. चार भागिले साडेतेवीस, ०.१७ रेडियन, जवळपास दहा अंश. मशीन स्वतःला सरळ समजतंय आणि प्रत्यक्षात दहा अंश वळलंय, मूळ रेषेपासून ३४ सेंटीमीटर बाजूला. दाराची फट हुकायला तेवढं पुरतं. आत जायरोस्कोप असेल तर वळणातली चूक बरीच भरून निघते, पण तोही वेळेबरोबर थोडाथोडा सरकतो.

यात एक गंमत आहे. दोन्ही चाकं सारखीच चुकत असतील, तर सरळ वाटेवर घर सापडतं! जाताना चार मीटर समजून ३.९ गेलं, येताना चार समजून ३.९ आलं, हिशेब फिटला. हेच मुंग्यांवर तपासलेलं आहे. विटलिंगर, वेनर आणि वोल्फ यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलेल्या प्रयोगात, वाळवंटी मुंग्या दहा मीटर लांबच्या खाण्यापर्यंत चालत गेल्यावर, काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून ते लांब केले, काहींचे पाय आखूड केले. परतताना लांब पायांच्या मुंग्या सुमारे १५ मीटरवर जाऊन वारूळ शोधू लागल्या, आखूड पायांच्या सहा मीटरच्या आतच. म्हणजे मुंगी पावलांचा हिशेब ठेवते. पण माझ्या मते प्रयोगाचा खरा जीव पुढच्या पायरीत आहे. त्याच बदललेल्या पायांच्या मुंग्यांना नंतर वारुळापासूनच निघू दिलं, आणि त्यांनी परतीचं अंतर बरोबर मोजलं. ही पायरी नसती तर कोणीही म्हटलं असतं की पायांना इजा झाल्यामुळे मुंग्या गोंधळल्या. एका जादा फेरीनं तो आक्षेप संपला.

आपल्याला हवी ती दुसरी कल्पना मिशिगन विद्यापीठाच्या बोरेनस्टाइन आणि फेंग यांची, १९९० च्या दशकाच्या मध्यातली. रोबोला चार मीटरच्या चौकोनात फिरवायचं, पाच वेळा घड्याळाच्या दिशेनं आणि पाच वेळा उलट. उलट कशाला? कारण चाकं असमान असण्याची चूक आणि चाकांमधलं अंतर चुकीचं धरल्याची चूक एका दिशेत एकमेकींना झाकू शकतात. चौकोन अगदी बरोबर जुळतो आणि आपण रोबो निर्दोष ठरवतो. उलट फिरवला की दोन्ही चुका एकाच बाजूला साचतात आणि उघड्या पडतात.

घरी एवढं करायची गरज पडली नाही. रिमोटनं मशीन फरशीच्या सांध्याच्या रेषेवरून तीन मीटर सरळ चालवलं, कुठे थांबलं तिथे खडूनं खूण केली. पाच फेऱ्या, पाच खुणा, सगळ्या रेषेच्या एकाच बाजूला. मग आसाचे तंतू कात्रीनं काढले, दुसरं काहीही बदललं नाही, आणि पुन्हा पाच फेऱ्या. या वेळी खुणा रेषेच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ. पाचही खुणा एकीकडे पडणं आणि दोन्हीकडे विखुरणं, यातला फरक डोळ्यांत साठवून ठेवा. पुढे संख्याशास्त्राच्या पेपरात बायस आणि व्हेरियन्स शिकाल ते हेच.

आता मूळ वाक्य पुन्हा लिहू. ‘थे वापस येतच नाई’ याचं झालं : ‘परतीच्या वेळी डॉकचा वीजपुरवठा खंडित असल्यास लायडार नसलेला रोबो डॉकच्या परिसरात पोचूनही डॉकवर बसू शकत नाही’ आणि ‘एका चाकाच्या आसाला तंतू अडकल्यास रोबो ठरावीक बाजूला वळतो आणि किरणांच्या टप्प्यात पोचत नाही.’ वाक्यं दोन झाली, लांबही झाली. पण दोन्ही खोटी ठरू शकतात, आणि कशानं ठरतील तेही त्यांतच लिहिलेलं आहे. तुमची सिनॉप्सिस काढा आणि पहिल्या परिच्छेदातल्या मुख्य वाक्याखाली पेन्सिलीनं लिहा : हे वाक्य खोटं असेल तर मला कुठे, काय दिसेल?

उन्हाचं तेवढं राहिलंय. डिसेंबरात ऊन दारातून आत आलं की नाण्याचा तोच प्रयोग पडदा उघडा आणि पडदा बंद असा करायचा आहे. डॉक अजून जुन्याच जागी ठेवलाय, आणि आसाचे तंतू दर रविवारी काढायचं काम शेजारच्या सातवीतल्या मुलाकडे दिलंय. वही आईकडेच आहे.